बाजारभावाचं संकेतस्थळ फोनपासून फलकापर्यंत: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम असं: तालुक्याच्या बाजार समितीचं जुनं संकेतस्थळ सगळ्या आकारांच्या पडद्यांवर नीट वाचता यावं. पानं पाचच. मुख्यपान, आजचे भाव, मागील भाव, परिपत्रकं व निविदा, संपर्क. जुनी मांडणी १००० पिक्सेल रुंदीच्या तक्त्यात कोंबलेली आहे.

कुठून बघितलं जातं ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरूनच होणार. शेतकरी गाडी भरायच्या आधी फोनवर भाव बघतो, तेही उन्हात आणि एका हातात. बहुतेक अँड्रॉइड फोन ब्राउझरला ३६० ते ४१२ पिक्सेल रुंदी सांगतात, जुने छोटे आयफोन ३२०. समितीच्या कार्यालयात १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप आहेत. लिलावाच्या मंडपात भिंतीवर टीव्ही आहे. आणि दुपारी तोच तक्ता ए४ कागदावर छापून सूचना फलकावर लागतो. कागदाची रुंदीही ठरलेली असते, म्हणून तोही आमच्या हिशेबात एक पडदाच.

यातला फोन पहिला. बाकीचे त्याच्या मागून.

६ नोव्हेंबर

जुन्या पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगच (पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) नव्हता. तो नसला की फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि ते आक्रसून दाखवतो. पहिल्या आयफोनपासूनची ही रीत, कारण २००७ साली जवळपास सगळी संकेतस्थळं मोठ्या पडद्यासाठीच बनलेली असत. टॅग घातला: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १. त्याच ओळीत मॅक्सिमम-स्केल १ किंवा यूझर-स्केलेबल नो लिहायची सवय अनेकांना असते. ते लिहायचं नाही. चष्मा घरी राहिलेल्या माणसाला चिमटीने अक्षर मोठं करता आलंच पाहिजे. आयओएस १० पासून सफारी हे बंधन तसंही मानत नाही, पण इतर ठिकाणी ते लागू होतं.

टॅग घातल्याबरोबर पान आडवं सरकायला लागलं, म्हणजे कुठला तरी घटक पडद्याबाहेर चाललाय. शोधायची रीत: ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (तपासणीच्या खिडकीत) मूळ घटकाची स्क्रोल-विड्थ (आतल्या मजकुराची पूर्ण रुंदी) आणि क्लायंट-विड्थ (दिसणारी रुंदी) ताडून बघायची. पहिली मोठी निघाली तर सगळ्या घटकांवरून फिरून ज्यांची उजवी कड क्लायंट-विड्थच्या पुढे जाते त्यांची यादी काढायची. सापडलं ते असं:

- १००० पिक्सेलचा तक्ता. हा अपेक्षितच.
- संपर्क पानावरचा नकाशा. आयफ्रेमला (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीला) विड्थ ६०० ठोकलेली.
- शीर्षपट्टीला १०० व्हीडब्ल्यू (१ व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग). संगणकावर व्हीडब्ल्यूमध्ये उभ्या स्क्रोलपट्टीची रुंदीही मोजली जाते, त्यामुळे पट्टी तेवढी बाहेर येते. इथे १०० टक्के लिहायचं, किंवा काहीच नाही. ब्लॉक घटक आपोआप रुंदी भरतो.
- फ्लेक्समधला (घटक शेजारी शेजारी मांडायच्या पद्धतीतला) बातम्यांचा रकाना. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात ऑटो असते, म्हणून आतल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा तो लहान होत नाही. मिन-विड्थ ० दिल्यावर सुटलं. ग्रिडमध्ये (ओळी-रकान्यांच्या मांडणीत) हेच १ एफआर, म्हणजे मोकळ्या जागेचा एक वाटा, करतो. तिथे मिनमॅक्समध्ये ० आणि १ एफआर लिहायचं.

बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून हे सगळं झाकता येतं, आणि झाकलेलं फार ठिकाणी दिसतं. त्याने दुखणं तसंच राहतं, बाहेर गेलेला मजकूर कायमचा कापला जातो, आणि असाच हिडन मधल्या एखाद्या घटकाला लागला तर त्याच्या आतली चिकटणारी शीर्षकं बंद पडतात. आमच्याकडे हा उपाय बाद.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस देवनागरीचा. पडद्यांच्या आकारांविषयीचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात, ते जसेच्या तसे घेतले की मराठी पान फोनवर बिघडतं.

ओळीची उंची आधी. जुन्या पानात शीर्षकांची लाइन-हाइट १.२ आणि ओव्हरफ्लो हिडन. ‘कार्यार्थींसाठी’ सारख्या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक चढतात. त्यांचा वरचा भाग छाटला जात होता. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. मजकुराला १.७ आणि शीर्षकांना १.४ ठरवली. एकक न लावता नुसता आकडा द्यायचा, म्हणजे टंक बदलला तरी प्रमाण टिकतं.

शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) ०.०५ ईएम होतं; १ ईएम म्हणजे त्या टंकाचा आकार. रोमनमध्ये ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. काढलं.

ओळीची लांबी ६५ सीएच ठेवा असं सर्रास सांगतात. सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या इंग्रजी शून्याची रुंदी. मराठीत एका अक्षराला काना, वेलांटी, जोडाक्षर लागून त्याची रुंदी कितीही बदलते, म्हणून या मापाला इथे काही अर्थ उरत नाही. मजकुराची कमाल रुंदी थेट ३८ रेम ठेवली (१ रेम म्हणजे पानाच्या मूळ घटकाचा टंक, इथे १६ पिक्सेल). मजकुराचा टंक १७ पिक्सेलचा, म्हणजे १.०६२५ रेम.

मोठं शीर्षक क्लॅम्पने, म्हणजे किमान-कमाल मर्यादेतच टंक बदलू देणाऱ्या नियमाने: किमान १.५ रेम, मधली किंमत १.२ रेम अधिक १.५ व्हीडब्ल्यू, कमाल २.२५ रेम. हिशेब करून बघितला. ३२० पिक्सेलवर १९.२ अधिक ४.८ म्हणजे नेमके २४ पिक्सेल, ११२० वर ३६, त्यापुढे वाढ थांबते. मधल्या किमतीत रेमचा वाटा हवाच. नुसतं व्हीडब्ल्यू लिहिलं तर वाचकाने ब्राउझरमध्ये झूम केलं तरी अक्षर वाढत नाही, कारण पडद्याची रुंदी तीच राहते.

लांब शब्द. ‘द्राक्षबागायतदारांसाठीच्या’ हा एकच शब्द २४ पिक्सेलच्या टंकात छोट्या फोनवर ओळीचा बराचसा भाग खातो, आणि दोन रकान्यांत तर मावतच नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे असे शब्द अपवाद नाहीत. ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर लावलं. जागा अगदीच नसेल तेव्हाच ते शब्द तोडतं. वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल मात्र टाळायचं, ते गरज नसताना कुठेही तोडतं आणि जुन्या ब्राउझरात जोडाक्षराच्या मधूनही तोडू शकतं. नेहमी येणाऱ्या लांब शब्दांत योग्य जागी सॉफ्ट हायफन (शब्द तिथे तुटला तरच दिसणारी जोडरेघ) घातला: द्राक्ष, बागायतदारां, साठीच्या.

फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा. वजनं (अक्षरांच्या जाड्या) सात आहेत, आपण ४०० आणि ७०० एवढीच घेतली. फाइल कापून लहान करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, यू+०९०० ते यू+०९७एफ या पट्ट्याबरोबर रुपयाचं चिन्ह यू+२०बी९, तोडणारी व जोडणारी अदृश्य अक्षरं यू+२००सी आणि यू+२००डी, आणि इंग्रजी अंक हवेत. दोन, ओपनटाइपचे मांडणी-नियम कापले जाता कामा नयेत. ते गेले की ‘क्ष’ चा ‘क्‌ष’ होतो. एचटीएमएलच्या मूळ टॅगवर लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र दिलेले असतात तिथे ते या खुणेवरूनच उमटतात, आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरूनच आवाज निवडतं.

१४ नोव्हेंबर

मांडणी कुठे बदलायची? एकच पान सगळ्या पडद्यांना जुळवून घेणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ पद्धतीची तीन अंगं वेब डिझाइनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये मांडली: प्रवाही ग्रिड, लवचीक चित्रं, मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीवरून नियम बदलणं). तेव्हापासून ३२०, ७६८, १०२४ असे यंत्रांवरून घेतलेले टप्पे रूढ झाले. आम्ही ते घेत नाही. खिडकी ३२० पासून हळूहळू ओढत मोठी करायची आणि मराठी मजकूर जिथे अवघडतो, रेंगाळतो किंवा रिकामा दिसतो तिथे टप्पा टाकायचा. पूर्ण पानासाठी असे दोनच निघाले, ४० ईएम आणि ६४ ईएम. पिक्सेलऐवजी ईएम अशासाठी की ते ब्राउझरच्या मूळ टंकावर मोजलं जातं. वाचकाने सेटिंगमध्ये टंक १६ वरून २० केला की ४० ईएम म्हणजे ८०० पिक्सेल होतात, आणि मोठ्या अक्षराला आपोआप ऐसपैस मांडणी मिळते.

मेनूला तीन रेघांचं बटण नको असं ठरलं. दुवे पाच आहेत, फ्लेक्स-रॅपने ३६० पिक्सेलवर दोन ओळींत बसतात. जे उघड दाखवता येतं ते बटणामागे लपवायचं कशाला? प्रत्येक दुव्याची उंची किमान ४४ पिक्सेल. २०२३ च्या सुलभता निकषांत किमान २४ बाय २४ चालतं, पण मातीने भरलेल्या अंगठ्याला २४ पुरत नाही.

१९ नोव्हेंबर

आजचे भाव. या संकेतस्थळाचा जीव या तक्त्यात आहे, म्हणून वेळही इथेच घालवायचा.

रकाने सात: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंचे १६ पिक्सेल सोडले की उरतात ३२८. सात रकाने म्हणजे प्रत्येकी ४७ पिक्सेल. ‘सर्वसाधारण’ हा शब्दसुद्धा त्यात मावत नाही.

पर्याय तीन होते. तक्ता आडवा सरकवायचा: मग सर्वसाधारण दर, म्हणजे नेमका हवा तो आकडा, उजवीकडे दृष्टीआड राहतो. काही रकाने लपवायचे: कुठलाही लपवला तरी कुणाला तरी तोच हवा असतो. तिसरा, प्रत्येक ओळ फोनवर दोन ओळींची करायची. हा घेतला.

वरच्या ओळीत डावीकडे शेतमाल आणि जात, उजवीकडे सर्वसाधारण दर, १.३७५ रेमच्या ठळक टंकात. खालच्या ओळीत डावीकडे आवक परिमाणासह, उजवीकडे कमीत कमी ते जास्तीत जास्त. जास्तीत जास्त दर मोठा दाखवावा अशी सूचना आली होती. ती स्वीकारली नाही. तो भाव एखाद्याच वक्कलाला (विक्रीला आलेल्या मालाच्या एका ढिगाला) मिळालेला असू शकतो. तोच ठसठशीत दिसला तर शेतकरी त्या हिशेबाने गाडी भरून आणेल. पडद्यावर काय मोठं आणि काय लहान, याने माणसाचा दिवस बिघडू शकतो.

आता बांधणी. मीडिया क्वेरीऐवजी कंटेनर क्वेरी वापरली. हाच तक्ता ‘आजचे भाव’ पानावर पूर्ण रुंदीत येतो आणि मुख्यपानावर परिपत्रकांच्या शेजारच्या अरुंद रकान्यात. पडदा १३६६ चा असला तरी रकाना ५५० चाच असतो. पडद्याची रुंदी विचारून उपयोग नाही, तक्त्याला मिळालेली जागा विचारायला हवी. तक्त्याभोवती एक डिव्ह (साधी चौकट), त्याला कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ, आणि ४८ रेमपेक्षा कमी जागा असेल तर दोन ओळींची मांडणी.

इथले अडथळे:

घटक स्वतःलाच विचारू शकत नाही, वरचा घटक लागतो. म्हणून वेगळा डिव्ह.

इनलाइन-साइझ लावलेल्या घटकाची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही. तो फ्लेक्समध्ये रुंदी न देता ठेवला तर चिरडून शून्य होतो आणि तक्ता गायब. फ्लेक्स १ दिलं.

टीआर आणि टीडी (तक्त्याची ओळ आणि खाना) यांचा डिस्प्ले बदलून ग्रिड केला की काही ब्राउझर त्याला तक्ता मानणं सोडून देतात, आणि पान ऐकणाऱ्याला नुसते आकडे ऐकू येतात. म्हणून टेबल, रो, कॉलमहेडर, सेल अशा भूमिका रोल लिहून पुन्हा द्यायच्या. एचटीएमएलमधला क्रम सात रकान्यांचाच ठेवला, जागा फक्त ग्रिड-एरियाने बदलल्या.

शीर्षओळ फोनवर दिसत नाही, तेव्हा प्रत्येक आकड्याला नाव हवं. ते डेटा-लेबलमधून बिफोरने आणलं: ‘आवक’, ‘किमान’, ‘कमाल’. शीर्षओळ डिस्प्ले नन करायची नाही. नजरेआड करायची, म्हणजे ऐकणाऱ्याला ती मिळते.

कंटेनर क्वेरी क्रोम १०५, सफारी १६ आणि फायरफॉक्स ११० पासून चालते. पहिले दोन २०२२ चे, तिसरा २०२३ चा. त्याआधीच्या ब्राउझरसाठी मूळ नियम साधा आडवा सरकणारा तक्ता असाच लिहिला आहे, दोन ओळींची मांडणी क्वेरीच्या आत. जुन्या फोनवर मांडणी साधी दिसते, पण एकही आकडा हरवत नाही.

आकडे उजवीकडे जुळवले. फॉन्ट-व्हेरिएंट-न्यूमेरिकमध्ये टॅब्युलर-नम्स लावलं. तशी सोय फॉन्टात नसेल तर हा नियम काहीच करत नाही, नुकसानही करत नाही. एमआर-आयएन लोकेलने आकडा छापला की देवनागरी अंक आणि लाखाच्या ठिकाणी स्वल्पविराम आपसूक येतात.

२१ नोव्हेंबर

मागील भाव. इथे महिन्याभराच्या तारखा आडव्या असतात आणि तुलना करायची असते, तेव्हा ओळी मोडून चालत नाही. तक्ता आडवाच सरकू दिला, पहिला रकाना चिकटता ठेवून: पोझिशन स्टिकी, लेफ्ट ०, पार्श्वभूमी अपारदर्शक, नाहीतर खालचे आकडे आरपार दिसतात. बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स असेल तर सरकताना चिकटलेल्या रकान्याची रेघ मागेच राहते. सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग ० केलं.

शीर्षओळही वर चिकटावी अशी अपेक्षा होती आणि ती चिकटेना. कारण, ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं की तो डिव्ह दोन्ही दिशांना सरकपेटी बनतो, आणि स्टिकी पानाला न चिकटता त्या पेटीला चिकटते. पेटीला कमाल उंची ७० एसव्हीएच (पत्त्याची पट्टी दिसत असताना उरणाऱ्या उंचीच्या ७० टक्के) दिली, मग दोन्ही जमलं. व्हीएच नको, कारण फोनवर पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते आणि १०० व्हीएच पट्टी लपलेली धरून मोजतो, त्यामुळे पेटीचा खालचा भाग झाकला जातो.

पेटीला टॅबइंडेक्स ० आणि नाव दिलं, म्हणजे कळफलकावरूनही सरकवता येते.

२५ नोव्हेंबर

मुख्यपानावरचे सरकते फोटो काढले, बाजार आवाराचा एकच ठेवला. तीन आकार: ४८०, ७६८ आणि १२८० पिक्सेल. साइझेसमध्ये (फोटो किती रुंद दिसेल हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणेत) लहान पडद्याला १०० व्हीडब्ल्यू वजा २ रेम, ६४ ईएमनंतर ४० रेम. ३६० चा फोन दुप्पट घनतेचा (रुंदीच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे दोन ठिपके) असेल तर ३२८ गुणिले २ म्हणजे ६५६ लागतात आणि ७६८ ची फाइल उतरते. तिप्पट घनतेचा असेल तर ९८४ लागतात, म्हणून १२८० ची. फोनने मोठी फाइल घेतली म्हणून बिघाड शोधत बसू नये. विड्थ आणि हाइट एचटीएमएलमध्ये लिहिल्या, सीएसएसमध्ये हाइट ऑटो. त्यामुळे फोटो येण्याआधीच जागा राखली जाते आणि भावाचा तक्ता वाचता वाचता खाली उडी मारत नाही. हा वरचा फोटो लेझी (जवळ सरकल्यावरच उतरणारा) करायचा नाही.

परिपत्रकं ए४ च्या पीडीएफ आहेत. २१० मिलिमीटरचा कागद फोनच्या ६५ मिलिमीटरमध्ये बसवला की १२ पॉइंटचं अक्षर पावणेचार पॉइंटांपेक्षाही लहान होतं. मजकूर पानावरच टाकायचा, पीडीएफचा दुवा खाली. जुनी परिपत्रकं युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली आहेत. त्यांचा मजकूर उचलला की रोमन अक्षरांचा कचरा येतो. परिवर्तकातून काढल्यावर रफाराची जागा आणि ‘शेतकऱ्यां’ मधला ऱ्य एकेक करून तपासायचा.

२८ नोव्हेंबर

मंडपातला टीव्ही. पडदा १९२० बाय १०८०, पण अँड्रॉइड टीव्हीचा ब्राउझर बहुधा ९६० बाय ५४० सांगतो, घनता २. मोठा पडदा म्हणून १२०० पिक्सेलची क्वेरी लिहिली असती तर ती इथे कधीच लागली नसती. शिवाय इथे वाचणारा दूर उभा आहे, हातात काही नाही, सरकवू शकत नाही. ही गरजच निराळी, म्हणून क्वेरीने न सोडवता ‘फलक’ नावाचं स्वतंत्र पान केलं.

एका वेळी ८ ओळी. प्रत्येकी उंचीच्या १० टक्के, वर शीर्षक आणि खाली वेळ. टंक व्हीएचमध्ये. रकाने चारच. चारही बाजूंना ५ टक्के जागा मोकळी, म्हणजे ९६० बाय ५४० मध्ये ४८ आणि २७ पिक्सेल, कारण काही टीव्ही कडा कापतात. दर १२ सेकंदांनी पुढच्या ८ ओळी. नेट गेलं तर शेवटचे भाव तसेच ठेवायचे आणि ‘शेवटची नोंद’ ची वेळ लाल करायची. शिळा भाव ताजा म्हणून भिंतीवर राहता कामा नये.

२ डिसेंबर

छपाई. समास १२ मिलिमीटर धरले तर तक्त्याला १८६ मिलिमीटर उरतात, सीएसएसच्या मापाने सुमारे ७०३ पिक्सेल. ते ४८ रेमपेक्षा, म्हणजे ७६८ पेक्षा कमी. म्हणून कागदावर फोनची दोन ओळींची मांडणी छापून येते. उपाय सोपा: ते सगळे नियम मीडिया स्क्रीनच्या आत ठेवले. कागदावर टंक १० पॉइंट. शीर्षओळ प्रत्येक पानावर यावी म्हणून टीहेडला टेबल-हेडर-ग्रुप, ओळ मध्ये तुटू नये म्हणून ब्रेक-इनसाइड अव्हॉइड. पार्श्वभूमीचे रंग सहसा छापले जात नाहीत, त्यामुळे ओळी वेगळ्या दिसायला बारीक रेघा हव्यात.

५ डिसेंबर

तपासणी. कार्यालयातल्या १३६६ च्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के आहे, म्हणजे ब्राउझरला १०९३ बाय ६१४ मिळतात आणि त्यातून ब्राउझरच्या पट्ट्या वजा. फोन आडवा धरला की उंची ३६० च्या आसपास. चिकटलेली शीर्षपट्टी दोन्हीकडे फार जागा खाते. आता ती उंची ३७.५ ईएमपेक्षा जास्त असेल तरच चिकटते, आणि पानातल्या दुव्यावर उडी मारल्यावर शीर्षक तिच्याखाली दडू नये म्हणून स्क्रोल-पॅडिंग-टॉप दिलं.

१२८० च्या खिडकीत ४०० टक्के झूम म्हणजे ३२० ची रुंदी. मागील भाव सोडून कुठेही आडवं सरकावं लागत नाही. शोधपेटीचा टंक १६ पिक्सेलच्या खाली होता, त्यामुळे आयफोनवर बोट ठेवताच पान मोठं होत होतं. १ रेम केला. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर १३० टक्के केल्यावर मेनू तीन ओळींत जातो. चालेल, काही तुटत नाही.

भर उन्हात फोनवर बघितल्यावर आवक आणि किमान-कमाल दराचा राखाडी रंग वाचता येत नव्हता. सुलभता निकषाच्या ४.५ ला १ या अक्षर-पार्श्वभूमीच्या उजळपणाच्या गुणोत्तरात तो बसत होता, तरीही. गडद केला, आता ७ च्या वर आहे.

९ डिसेंबर

राहिलेलं: आठवडी बाजाराच्या दिवशी आवक नोंदवणाऱ्या लिपिकाचा अर्ज अजून टेबलावरच्या संगणकापुरता आहे. तो वजनकाट्याजवळ फोनवर भरता यावा. आकड्यांच्या खान्यांना इनपुटमोड न्यूमेरिक (अंकांचा कळफलक उघडणारी खूण), रकाना एकच, आणि ‘जतन करा’ कळफलक उघडा असतानाही दिसलं पाहिजे. बाजूबाजूला असलेले कमीत कमी आणि जास्तीत जास्तचे खाने एकाखाली एक आल्यावर अदलाबदल होण्याचा धोका आहे; कमीत कमीचा आकडा मोठा पडला तर तिथल्या तिथे इशारा दाखवायचा, जतन होऊ द्यायचं नाही.